वेणीतला भंडारा

सृष्टीनं मूठ उघडली, भंडारा उधळला, आणि तो देवाच्या पायरीवर पडायचा सोडून एका परक्या माणसाच्या तोंडावर जाऊन पडला.

चंपाषष्ठीची सकाळ होती. शहराच्या कडेला असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला माणूस मावत नव्हतं. वारा पिवळा, ऊन पिवळं, दगडी खांबसुद्धा हळद लागल्यासारखे. त्या पिवळ्या धुरळ्यात एक उंचेला तरुण डोळे मिचकावत उभा होता. खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट... म्हणजे घटकाभरापूर्वी तो पांढरा असावा.

"अगं बाई! सॉरी हं, सॉरी!"

"सॉरी कामून?" तो म्हणाला. "देवाचंच हाय. फक्त येवढा नेम कुठं शिकलात, ते सांगा."

"मेंढरं वळताना." तिच्या तोंडून निसटलं, आणि तिनं जीभ चावली.

"मग मी कळपातून चुकलेलं मेंढरू म्हणायचा! रिक्षावाला म्हणला, जत्रा हाय, फुडं गाडी जात नाय, उतरा. आज कामाचा पहिला दिवस. असल्या पिवळ्या नवरदेवाला कुणी आत घेतंय व्हय?"

सृष्टीला हसू फुटलं. तेवढ्यात मागून तिची आई वच्छलाबाई ताट सावरत आली. "लेकरा, झटकू नगं रं. भंडारा हाय. आपसूक जाऊ दे."

"नाय झटकीत, मावशी. ऱ्हाऊ दे तसाच."

"गुणाचं लेकरू. ही माझी लेक. लई शिकली. दुर्बिणीत असती."

"दुर्बिणीत?" त्या पिवळ्या चेहऱ्यात दोन काळे डोळे तेवढे हसले. "मग दिसतीलच कधीतरी."

सृष्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचा आवाज रानात हाळी घालायला घडलेला. तो साऱ्या देवळात घुमला. ओळखीचं कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तिनं चहूकडं पाहिलं आणि आईला ओढत बाजूला नेलं. वच्छलाबाईला त्याचं काही वाटलं नाही. देवगाव रंगारीहून पहाटेच्या एसटीनं आलेली ती बाई लेकीच्या कपाळाला भंडारा लावत होती, चिमूटभर वेणीच्या पेडात दाबत होती आणि गुणगुणत होती—

"पिवळ्या गं डोंगरावं, पिवळं झालं ऊन,
माझ्या लेकीच्या येणीत, देव बसला दडून..."

"आई, पुरं. मला उशीर होतोय."

खोलीवर येऊन सृष्टीनं कपाळ पुसलं, कपडे बदलले. डोकं धुवायचं राहिलं. गारखेड्यात नळाला पाणी यायचा तो वार नव्हता. पिंपात तळाशी होतं तेवढं तोंडाला आणि हातापायाला पुरलं. वेणी तशीच गुंडाळून तिनं वर आंबाडा बांधला. टोपीच तर घालायची आहे, तिनं मनाला सांगितलं. मन कुठं ऐकत होतं? पण पाय चालू लागले.

प्रयोगशाळेत वर्षभर एक कॅमेरा घडत होता. गळ्यात अडकवायचा कॅमेरा नव्हे. पाण्याच्या हंड्याएवढा, पोलादी, दोन माणसांनी उचलावा असा. दूर डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीच्या बुडाशी तो बसायचा होता. त्याच्या पोटात तळहाताएवढा एक तुकडा. दुर्बिणीनं गोळा केलेला सगळा उजेड त्यानं टिपायचा. तो तुकडा बर्फाहून गार ठेवावा लागे, म्हणून आतली हवासुद्धा उपसून काढायची. आणि समोर एकच काच. या काचेवर कण बसला, की निघणाऱ्या प्रत्येक चित्रात त्याची सावली पडणार, मेदूवड्यासारखं काळं कडं.

प्रकल्पाच्या प्रमुख करुणा मॅडम पुण्याला जाताना सगळ्यांना बजावून गेल्या होत्या, "मी नसताना काच बसेल. ती सृष्टी बसवेल, तिच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही. लग्न, जत्रा, हळद, फटाके... कुठं जाऊन आलात तर नुसतं सांगा. त्या दिवशी स्वच्छ खोलीत पाऊल टाकायचं नाही."

नुसतं सांगायचं होतं. पण जत्रा म्हटलं की भंडारा आला, भंडारा म्हटलं की मेंढरं आली, मेंढरं म्हटलं की रानातली पालं आणि आईचा आवाज आला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बाहेरगावचा एक पाहुणा तिच्या 'व्हय'ला हसला होता. त्या दिवसापासून सृष्टी पुस्तकातलं बोलत होती, आणि वडील काय करतात म्हटलं, की "पशुपालनाचा व्यवसाय आहे," असं सांगत होती. आजही तिनं प्रयोगशाळेत सांगितलं होतं, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंय, थोडा उशीर होईल.

पांढरा झगा, पांढरी टोपी, तोंडावर पट्टी. ती स्वच्छ खोलीत शिरली. त्या खोलीला भिंतीत एक छोटी खिडकी होती, दोन दारांची. बाहेरचं दार उघडं असलं की आतलं उघडत नसे. बाहेरच्यानं हत्यार आत ठेवायचं, दार लावायचं, मगच आतल्यानं घ्यायचं.

"स्क्रूची चावी पाहिजे, बारीक," ती भिंतीवरच्या माइकमध्ये बोलली.

खिडकीच्या काचेपलीकडं एक चेहरा आला. धुतलेला चेहरा, ओली झुलपं, कॉलरला पिवळट छटा. आणि तेच डोळे.

"मी आदिनाथ. सोयगावचा. आजच लागलोय," स्पीकरमधून आवाज आला. "इथं रोज असतात ते बुद्धभूषण भाऊ पंपाचा पार्ट आणाया वाळूजला गेलेत. आत यायची माझी शिकवणी अजून नाय झाली, म्हणून मला बाहीरच थांबायचंय." मग जरा थांबून, "आवाज वळखीचा वाटतोय."

"आपला काहीतरी गैरसमज होतोय."

"व्हय, गैरसमजच आसंल. त्या बाई लई गोड बोलत व्हत्या."

पट्टीआड सृष्टीचे गाल तापले. चावी आली. मग चिमटा आला, मग पुसायचं कापड आलं. प्रत्येक वेळी तो दार लावी, ती दार उघडी. एकाच कोनाड्यात दोघांचे हात येत, पण कधी एका वेळी नाही.

"तुमचं काम काय?" तिनं न राहवून विचारलं.

"ह्यो कॅमेरा दुर्बिणीला जोडायची कडी. ती माझी. पुण्यातली नोकरी सोडून आलोय त्याच्यासाठी. आजवर मी बनवलेली वस्तू कुठं बसली, ते मला कधी दिसलंच नाय. ही बसताना बघणार हाय, डोंगरावर जाऊन, माझ्या हातानं आवळून." मग हळूच, "दुर्बिणीत असतात त्या बाई तिथं भेटतील का वो?"

ती हसली. काचेवर वाकलेली असताना हसली. टोपीतून एक बट सुटली, गालावर आली. मनगटानं तिनं ती आत सारली आणि उरलेले स्क्रू आवळले. काच बसली.

काही दिवसांनी करुणा मॅडम परतल्या. खोलीतले दिवे मालवून त्यांनी जांभळ्या उजेडाचा दिवा काचेवर धरला. साध्या उजेडात न दिसणारी धूळ त्यात दिसते. सगळे काचेवर वाकले.

अंधारात काचेच्या कडेला हिरवट पिवळे ठिपके उमलले होते. इतके सुंदर, की बुद्धभूषणच्या तोंडून "वाह!" निघून गेलं.

"वाह काय?" मॅडमचा आवाज बर्फासारखा होता. "हळद आहे ही. या उजेडात हळदच अशी पेटते. कुणी आणली?"

अंधारात सृष्टीचा हात आपसूक आंबाड्याकडं गेला.

मॅडमनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत उभं केलं, पडदे ओढले आणि एकेकावर दिवा फिरवला. सृष्टीच्या डोक्यावरून दिवा गेला. काही चमकलं नाही. मधल्या काळात गारखेड्यात पाणी येऊन गेलं होतं. पुढं आदिनाथ उभा होता. त्याची कॉलर लख्खकन पेटली.

"क्या भाई," बुद्धभूषण कुजबुजला, "कपडे धोता की नुसते भिगोता?"

"जत्रेला गेला होतास?" मॅडमनी विचारलं.

"व्हय मॅडम. रुजू झालो त्याच दिवशी."

"आणि काच बसत असताना खोलीत गेलास? शिकवणी झाली नसताना?"

तो आत आलाच नव्हता. हे या जगात दोघांनाच माहीत होतं. सृष्टीनं तोंड उघडलं. शब्द घशाशी आला... आणि त्याच्या मागोमाग आईचा आवाज, मेंढरं, 'पशुपालनाचा व्यवसाय', डोळ्यांचा डॉक्टर, सगळं एकदम वर आलं आणि शब्द गुदमरला. आदिनाथ क्षणभर गप्प राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"गेलतो, मॅडम. एकदा बघावं वाटलं."

"मग आता बाहेरूनच बघ. कडी बनवून दे. डोंगरावर ती दुसरा कुणी बसवेल."

त्या दिवसापासून सृष्टीला आरशात बघवेना. काच उतरवली, धुतली, पुन्हा बसवली. सगळं तिच्याच हातांनी. हात स्थिर होते, हेच तिला सगळ्यात जास्त लागत होतं. खिडकीशी आता बुद्धभूषण उभा राही. आदिनाथ बाहेरच्या टेबलावर कडी घासत बसलेला दिसे. ती तिथून जाताना पदर सावरल्यासारखी नजर सावरून जाई. तो "नमस्कार" म्हणे. नुसतं "नमस्कार"! थट्टा नाही, कोपरखळी नाही. त्यानं एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी एका दुपारी फाटकाबाहेरच्या टपरीवर तिनं त्याला गाठलं. तो चहात बिस्कीट बुडवत होता.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"बसा की. चहा घेता?"

"मी काय विचारतेय?"

"भंडारा माझ्या अंगावर व्हताच की. टाकला कुणी, ते त्यांनी विचारलं नाय." बिस्कीट तुटून चहात पडलं. तो खिन्नपणे कपात बघत म्हणाला, "हे बी बुडालं."

"मला तुमचे उपकार नकोत," ती म्हणाली.

"उपकार नाय वो." पहिल्यांदाच त्यानं मान वर केली. डोळ्यांत हसू नव्हतं. "मी वाट बघत व्हतो. मॅडमनी विचारलं तवा मी जरा थांबलो, तुम्हाला दिसलं का? मला वाटलं, तुम्ही बोलताल. नाय बोललात. मग वाटलं, बाईला काहीतरी जड जातंय. मी नवा माणूस. माझं काय जाणार?"

"तुमचं डोंगरावर जाणं गेलं."

"ते तर गेलं," तो म्हणाला. "पण... राग नाय येत तुमचा. लई परयत्न केला. येतच नाय. काय करावं?"

हे ऐकून एखादी मोहरून गेली असती. सृष्टी मात्र लाजेनं काळीठिक्कर पडली. चहा तसाच ठेवून ती उठली.

संध्याकाळी आईचा फोन आला. पलीकडं मेंढरांची बेंबें, वाऱ्याची घुरघुर.

"बसली का गं तुझी दुर्बीण?"

"कॅमेरा, आई. उद्या गाडीत चढणार."

"बरं बरं. आन् आईक, जत्रेला आलतीस ते कुणाला बोलली नाहीस ना? बोलू नगं."

"का?"

"आता का म्हणती." वच्छलाबाई हसली. "तुला लाज वाटती, मला काय कळत नाय व्हय? देवळात कशी इकडंतिकडं बघत व्हतीस. म्हणून तर तुझ्या हापिसात मी कदी येत नाय. माझा आवाज ह्यो असा. तू शिकलीस, मोठी झालीस, बास झालं. माझ्यापायी तुला खाली बघाया नगं."

आईच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस कमी पडला, असं सांगावं तसं ती सांगत होती. फोन ठेवल्यावर सृष्टी कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून राहिली. आईनं तिची लाज वर्षानुवर्षं पदराखाली सांभाळली होती. आता परका पोरगा सांभाळत होता. आपण कुणाचं काय सांभाळलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जीप उभी होती. कॅमेरा फोमच्या गादीत, लाकडी पेटीत बसला होता. करुणा मॅडम कागद तपासत होत्या. बुद्धभूषण पेटीवर चिकटपट्टी ओढत होता. आदिनाथनं आपली कडी कापडात गुंडाळून आणली, लेकीची पाठवणी करावी तशी पेटीशेजारी ठेवली आणि मागं सरला.

"मॅडम," सृष्टी म्हणाली, "भंडारा माझा व्हता."

चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज थांबला.

"काय?"

"काचेवरची हळद. ती माझ्या येणीतली. मी आईला डॉक्टरकडं नेलं नव्हतं, खंडोबाला गेलते. आईनं येणीत भंडारा भरला, मी डोकं न धुता आत गेले. काच बसवताना बट सुटली, ती मला कळली व्हती. आदिनाथ आत आलेच नव्हते. ते खिडकीपाशी व्हते. त्यांच्या कॉलरीवर पडला तोबी मीच उधळलेला." पुस्तकातली सगळी भाषा तिच्या तोंडून गळून पडली होती आणि तिला ती उचलायची नव्हती. "माझे आईबाप मेंढरं राखतात, मॅडम. मला त्याची लाज वाटली, म्हणून मी जत्रेचं बोलले नाय. आता ती लाज वाटल्याची लाज वाटती."

करुणा मॅडमनी चष्मा काढला.

"सांगितलं असतंस तर काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "काच दुसऱ्या दिवशी बसवली असती, एवढंच ना?"

त्या रागावल्या असत्या तर सृष्टीनं सोसलं असतं. पण एवढंच होतं! एका वाक्याचं काम. तिचे डोळे वाहू लागले.

"आणि तू?" मॅडम आदिनाथकडं वळल्या. "न केलेलं काम स्वतःच्या नावावर घ्यायची ही कुठली पद्धत? उद्या कडी ढिली झाली तर कुणावर विश्वास ठेवू मी?"

"चुकलं, मॅडम."

"चुकलंच. बॅग आण. कडी तू बसवणार आहेस." त्यांनी सृष्टीकडं पाहिलं. आवाज खाली आला, पण ढिला पडला नाही. "या खेपेला तू येणार नाहीस. कॅमेरा सुरू झाला की चित्रं इथं येतील, ती तपासायचं काम तुझं. कळलं?"

"व्हय, मॅडम." वर्षभर तिनं त्या डोंगराची स्वप्नं पाहिली होती. काळजात काहीतरी तुटलं खरं, पण छातीवरचा धोंडाही त्याच्याबरोबर गेला.

आदिनाथ बॅग घेऊन धावत आला, तेव्हा ती पेटीला दोरी बांधत होती. त्यानं दोरीचं दुसरं टोक धरलं. दोघांच्या मधे या वेळी खिडकी नव्हती.

"तुमची जागा घेऊन चाललोय," तो हळूच म्हणाला. "मला बरं नाय वाटत."

"माझी नाय. तुमचीच तुम्हाला मिळाली. गाठ नीट मारा."

"मारली. ही सुटत नाय." तो घुटमळला. दोरीशी उगीच चाळा केला. "सृष्टीबाई... पोचल्यावर फोन करू?"

"मॅडमना करा की."

"मॅडम तर संगंच हाईत!"

"मग बुद्धभूषण भाऊंना करा."

"भाऊंशी काय बोलू? त्यांच्यावर मी भुललेलो नाय."

"हौ ना, नक्को रे बाबा!" पलीकडून बुद्धभूषण ओरडला. त्याचे कान पेटीच्या अलीकडंच होते.

सृष्टी हसली. मग आदिनाथचा चेहरा एकदम गंभीर झाला. "त्या दिवशी म्हणलो, तुमचा राग येत नाय. ते अर्धंच बोललो व्हतो. उरलेलं... तुम्हाला कळलं असंल तर असू द्या. नसंल कळलं तर आल्यावर सांगतो. इथं सगळ्यांम्होरं बोललो तर तुम्हाला अवघड व्हईल."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो धावला, जीपमध्ये चढला. मॅडम पुढं बसल्या होत्या. चाकांनी मातीवर पकड घेतली आणि जीप हलली.

सृष्टी फाटकाशी उभी होती. बुद्धभूषण शेजारी होता, टपरीवाला बाहेर येऊन बघत होता, वरच्या खिडकीत कार्यालयातली माणसं उभी होती. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि रानात हाळी घालावी तशी हाक मारली. हुबेहूब आईच्या आवाजात—

"आदिनाथ! कळलंय मला सगळं! लवकर ये!"

जीप थांबली. ती मागं आली नाही, नुसती थबकली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि वेड्यासारखा हलत राहिला. आत करुणा मॅडम काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण हात झटकन आत गेला. आणि वळणावर पुन्हा बाहेर आला.

"'ये' म्हणाली," बुद्धभूषण टपरीवाल्याला सांगत होता. "'या' नाही. 'ये'. ऐकलं ना तुम्ही?"

आणि मग, सगळ्यांदेखत, सृष्टी लाजली.